आपल्या चळवळीचा इतिहास कपाटातल्या कॅसेटींत सडतो आहे



७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली. त्या जनसागराची हलती चित्रे दर ६ डिसेंबरला आपण मोबाइलवर पाहतो, एकमेकांना पाठवतो, स्टेटसला ठेवतो. ही चित्रे आभाळातून पडलेली नाहीत. नामदेवराव व्हटकर या लेखक-चित्रपटकाराने पदराला खार लावून त्या दिवशी कॅमेरा चालवला. फिल्म महाग होती, माणसे कमी होती, पाठीशी कुठली संस्था नव्हती. तरीही त्यांनी ते केले, म्हणून आपल्या घरातली आजची पोरं तो दिवस डोळ्यांनी पाहू शकतात.

आता दुसरा प्रश्न विचारतो. १४ जानेवारी १९९४ ला मराठवाडा विद्यापीठाचे नामांतर झाले तेव्हा वस्त्यावस्त्यांत झालेला जल्लोष, ११ जुलै १९९७ च्या रमाबाई नगर गोळीबारानंतरचे मोर्चे, २००६ मध्ये खैरलांजीनंतर रस्त्यावर उतरलेला समाज, गावोगावच्या जयंत्या, विहारांची उद्घाटने, धम्म परिषदा, गायन पार्ट्यांचे रात्र-रात्र चाललेले कार्यक्रम, हे सगळे चित्रित करणारे कॅमेरे तर आपल्याच माणसांच्या हातात होते. साधारण १९९० ते २०१० ही वीस वर्षे हँडीकॅमची होती. कुणाच्या तरी मेहुण्याने गल्फमधून आणलेला, कुणी लग्नाच्या शूटिंगसाठी घेतलेला, कुणी नोकरीच्या पहिल्या बोनसमधून घेतलेला. ते चित्रण आज कुठे आहे?

ते कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहे. पत्र्याच्या ट्रंकेत आहे. बंद पडलेल्या फोटो स्टुडिओच्या पोटमाळ्यावर आहे. आणि ते दर पावसाळ्यात थोडे थोडे नष्ट होत आहे.

माझे म्हणणे सरळ आहे. या कॅसेटी संगणकावर उतरवून घेणे हे आजच्या घडीचे चळवळीचे काम आहे. ते कुणाचा छंद म्हणून, स्टुडिओवाल्याची कृपा म्हणून किंवा निवृत्तीनंतर बघू म्हणून ठेवण्यासारखे नाही. आणि उतरवताना एक शिस्त पाळली पाहिजे: आधी संपूर्ण कॅसेट जशीच्या तशी उतरवायची, कापाकापी नंतर. ही शिस्त का पाळायची, ते पुढे सांगतो.

कॅसेट थांबत नाही

बरेच कार्यकर्ते म्हणतात, "कॅसेट आहे ना जपून ठेवलेली, मग घाई कसली?" या वाक्यात दोन गैरसमज आहेत.

पहिला गैरसमज असा की जपून ठेवलेली कॅसेट जशी होती तशी राहते. कॅसेटची फीत म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर बसवलेला चुंबकीय थर. हवेतला ओलावा त्या थराला धरून ठेवणाऱ्या चिकट द्रव्यावर काम करतो. कोकणात, मुंबईत, पावसाळ्यात भिंती ओलावणाऱ्या आपल्या चाळींत फितीवर पांढरी बुरशी चढते. मिनीडीव्ही कॅसेटची फीत तर जेमतेम सव्वासहा मिलिमीटर रुंद असते. व्हीएचएसची फीत खराब झाली तर चित्रात रेघा येतात, माणूस तरी ओळखू येतो. मिनीडीव्हीवर डिजिटल नोंद असते. ती खराब झाली की चित्राचे चौकोनी तुकडे होतात, आवाज तुटतो, आणि एका मर्यादेपलीकडे काहीच दिसत नाही.

दुसरा गैरसमज असा की कॅसेट असली की काम भागले. कॅसेट वाचायला यंत्र लागते. व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. मिनीडीव्हीचे हँडीकॅम नवे मिळत नाहीत. ज्या फायरवायर केबलने हे कॅमेरे संगणकाला जोडले जात, ते पोर्ट नव्या लॅपटॉपवर नसते. ॲपलने तर २०२५ च्या मॅकओएसमधून फायरवायरला असलेला आधारच काढून टाकला. म्हणजे तुमची कॅसेट शाबूत राहिली तरी ती वाचणारे यंत्र दरवर्षी दुर्मिळ होत जाणार. आज जुन्या बाजारात कॅमेरा सापडतो. दहा वर्षांनी सापडेलच याची खात्री कोण देणार?

ज्याच्या हाती मूळ चित्रण, त्याच्या हाती गोष्ट

आता कुणी म्हणेल, जुन्या जयंतीचे व्हिडिओ पाहून काय क्रांती होणार आहे? या प्रश्नाचे उत्तर घाटकोपरच्या रमाबाई नगरने दिले आहे.

११ जुलै १९९७ ला बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्यावर जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. दहा जण ठार झाले. लगेच शासनाच्या बाजूने गोष्ट पसरवली गेली की जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, म्हणून गोळीबार करावा लागला. गोळीबाराचा आदेश देणारा अधिकारी, टँकरची जागा, वेळ, अंतर, हे सगळे वादाचे मुद्दे झाले. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने गोळीबार समर्थनीय नव्हता असा निष्कर्ष काढला. त्या उपनिरीक्षकाला सत्र न्यायालयाने दोषी ठरवले ते २००९ मध्ये. म्हणजे घटनेनंतर बारा वर्षांनी!

चार दिवसांनी, १५ जुलैला, शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. तिथून आनंद पटवर्धन यांनी जे चित्रण सुरू केले त्याचा "जय भीम कॉम्रेड" हा चित्रपट व्हायला चौदा वर्षे लागली. चौदा वर्षे कॅसेटी साठवून, क्रम लावून, जपून ठेवल्या, म्हणून शासनाच्या गोष्टीसमोर वस्तीची गोष्ट उभी राहू शकली. त्या कॅसेटी कुठल्या कपाटात बुरशी खात पडल्या असत्या तर?

हिशेब लक्षात घ्या. आपल्या लढाया बारा-चौदा-वीस वर्षे चालतात. पुरावा तितकी वर्षे जगला पाहिजे. टीव्ही चॅनेलच्या ग्रंथालयात आपल्या मोर्चाचे तीस सेकंद असतील, तेही दगडफेकीचे. त्याच मोर्चात चार तास शांतपणे चाललेल्या बायाबापड्या आपल्याच हँडीकॅमवर आहेत, दुसरीकडे कुठेही नाहीत.

बायांचा उल्लेख मुद्दाम करतो. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी "आम्हीही इतिहास घडवला" हे पुस्तक १९८९ मध्ये आणले, त्यासाठी त्या आंबेडकरी चळवळीत वावरलेल्या स्त्रियांपर्यंत जाऊन पोहोचल्या. कारण कागदोपत्री इतिहासात त्या स्त्रियांची नावे नव्हती. आपल्या मंडळांची इतिवृत्ते काढून बघा, अध्यक्ष-सचिव-खजिनदार सगळे पुरुष. त्याच मंडळाची १९९८ ची कॅसेट लावा, स्वयंपाकापासून घोषणांपर्यंत सगळीकडे बाया दिसतील. इतिवृत्तात जे लिहिले गेले नाही ते कॅमेऱ्याने टिपून ठेवले आहे. पण त्या बायांना ओळखणारी पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. कॅसेट उतरवली आणि पडद्यावरची आजी कोण हे सांगणारेच उरले नाही, तर निम्मे काम वाया गेले.

वामनदादा कर्डक २००४ मध्ये गेले. त्यांच्याबरोबरचे, त्यांच्यानंतरचे कितीतरी गावपातळीवरचे गायक-शाहीर असे आहेत ज्यांची एकही ध्वनिफीत कुठल्या कंपनीने काढली नाही. त्यांचा आवाज फक्त एखाद्या जयंतीच्या चित्रणात शिल्लक आहे. हा आपला वारसा आहे. सरकारी संग्रहालयाने तो जपावा ही मागणी जरूर करा, पण मागणी मंजूर होईपर्यंत बुरशी वाट बघत नाही.

उतरवायचे कसे?

हे काम अवघड आहे असे वाटून बरेच जण मागे हटतात. म्हणून थोडे तपशिलात सांगतो. संगणकाची जुजबी माहिती असलेला अकरावी-बारावीचा मुलगा किंवा मुलगी हे एका दिवसात शिकू शकते.

आधी कॅसेटी वेगळ्या करा. मोठी काळी व्हीएचएस, तिचे लहान भावंड व्हीएचएस-सी, त्याहून लहान व्हिडिओ-८ आणि हाय-८, आणि सगळ्यात चिमुकली मिनीडीव्ही. पहिल्या चारही ॲनालॉग आहेत, मिनीडीव्ही डिजिटल आहे. दोघांची रीत वेगळी.

मिनीडीव्हीसाठी ज्या कॅमेऱ्यावर शूटिंग झाले तोच कॅमेरा मिळाला तर उत्तम. त्यावर "डीव्ही" असे लिहिलेले एक छोटे चार पिनांचे छिद्र असते. सोनीच्या कॅमेऱ्यावर त्याला आय-लिंक म्हणतात, बाकीचे फायरवायर म्हणतात. शेजारी यूएसबीचेही छिद्र असते आणि माणूस हमखास तेच वापरायला जातो. बहुतेक हँडीकॅममध्ये ते यूएसबी कार्डावरच्या फोटोंसाठी किंवा हलक्या दर्जाच्या चित्रासाठी होते. टेपवरचे अस्सल चित्रण फायरवायरमधूनच येते. संगणकाला पोर्ट नसेल तर डेस्कटॉपमध्ये फायरवायरचे कार्ड बसवता येते, नाहीतर ते पोर्ट असलेला दहा-पंधरा वर्षे जुना लॅपटॉप शोधा. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली इथे चौकशी करा. ऑनलाइन मिळणारी एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला फायरवायर असलेली स्वस्त केबल मात्र घेऊ नका. तिने काम होत नाही, पैसे बुडतात.

विंडोजवर विनडीव्ही आणि लिनक्सवर डीव्हीग्रॅब ही फुकटची साधने पुरतात. केबल लावताना कॅमेरा बंद ठेवा, मग बॅटरीऐवजी ॲडाप्टरवर चालू करा, प्ले किंवा व्हीसीआर मोडवर आणा. कॅसेटवरची छोटी खिट्टी "सेव्ह"कडे सरकवा, म्हणजे चुकून वर दुसरे रेकॉर्डिंग होणार नाही. कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे पळवून पुन्हा मागे आणा, त्याने वर्षानुवर्षे चिकटून बसलेली फीत मोकळी होते. मग कॅप्चर सुरू करा आणि थांबा. हे काम तासाला तास असेच होते, साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटे. पेनड्राइव्हसारखे कॉपी-पेस्ट होत नाही.

एक तासाचे मिनीडीव्ही चित्रण साधारण १३ जीबी जागा घेते. म्हणजे पन्नास कॅसेटींना ६५० जीबी, १ टीबीच्या एका हार्डडिस्कमध्ये सहज बसतील. रोज संध्याकाळी एक कॅसेट म्हटले तर पन्नास कॅसेटी दोन महिन्यांत होतात. कॅप्चर करताना "लहान फाइल" किंवा "वेबसाठी" असले पर्याय निवडू नका. मूळ डीव्ही स्वरूपातच ठेवा. याला आणखी एक कारण आहे. डीव्ही चित्रणात प्रत्येक चौकटीबरोबर रेकॉर्डिंगची तारीख आणि वेळ दडलेली असते. त्या काळी कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर लावले असेल तर ती नोंद आजही वाचता येते. एमपी-४ केले की ती सहसा निघून जाते. मोर्चा किती वाजता कुठे होता, हे सांगणारी नोंद आपण आपल्याच हाताने का पुसायची?

व्हीएचएस आणि हाय-८ साठी चालू व्हीसीआर किंवा त्या जातीचा कॅमेरा आणि एक यूएसबी कॅप्चर यंत्र लागते. पिवळ्या वायरपेक्षा एस-व्हिडिओची सोय असेल तर ती वापरा, चित्र स्वच्छ येते. सोनीचे काही डिजिटल-८ कॅमेरे जुन्या हाय-८ कॅसेटी वाचून थेट फायरवायरमधून देतात. असा एखादा कॅमेरा कुणाकडे असेल तर तो सोन्यासारखा जपा.

नंतरच्या काळातले हँडीकॅम हार्डडिस्कचे किंवा कार्डाचे होते. त्यांत फायली थेट असतात, पण तिथेही फक्त व्हिडिओच्या फायली उचलू नका, कार्डातले सगळे फोल्डर जसेच्या तसे कॉपी करा. लहान डीव्हीडीवर रेकॉर्ड करणारे कॅमेरेही होते. ती डिस्क "फायनलाइज" केली नसेल तर संगणक ती वाचत नाही, तेवढ्यासाठी तो कॅमेरा लागतो.

आणि एक सूचना. फितीवर पांढरी भुकटी दिसली तर ती कॅसेट कॅमेऱ्यात घालू नका. बुरशी कॅमेऱ्याच्या हेडवर बसते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटीही खराब करते. ती बाजूला, वेगळ्या पिशवीत ठेवा आणि जाणकाराकडे द्या.

स्टुडिओवर सोडून का चालणार नाही?

"एवढे कोण करत बसणार, स्टुडिओत दिले की डीव्हीडी करून देतात," असे उत्तर मला अनेकदा मिळाले आहे. आमच्या भागातल्या एका दुकानात मंडळाने सात कॅसेटी दिल्या. परत मिळाल्या तीन डीव्हीडी. प्रत्येक कॅसेटची सुरुवातीची आणि शेवटची चित्रणे गायब, कारण दुकानदाराच्या मते त्यात "काही नव्हते". भाषणांच्या मधले अंतर कापलेले, वर गाणे चढवलेले. विचारल्यावर उत्तर आले, "बघायला बोअर होतं ओ." त्या "काही नव्हते"मध्ये मंडप बांधणारी पोरे होती, पुतळा धुणाऱ्या बाया होत्या, आणि मंडपाला परवानगी नाकारायला आलेल्या अधिकाऱ्याशी झालेली बाचाबाची होती.

त्या दुकानदाराशी माझे वैर नाही. तो लग्नाच्या सवयीने काम करतो. लग्नात नवरा-नवरी महत्त्वाचे, बाकी कापायचे. चळवळीच्या चित्रणात कोण महत्त्वाचे हे ठरवण्याचा अधिकार त्याला कुणी दिला? शिवाय १३ जीबीचे चित्रण ४.७ जीबीच्या डीव्हीडीवर दोन-दोन तास कोंबले की चित्रातला तपशील कायमचा जातो. पुढे एडिटिंग करायला घेतले की चेहरे धुरकट दिसतात, बॅनरवरची अक्षरे वाचता येत नाहीत. आणि त्या घरी करून घेतलेल्या डीव्हीडीसुद्धा काही वर्षांत वाचेनाशा होतात.

मराठीत एडिटिंगला आपण संकलन म्हणतो. काय ठेवायचे आणि काय काढायचे, हे ठरवणे म्हणजे संकलन. हजारो वर्षे आपल्याला इतिहासाच्या बाहेर ठेवले ते याच अधिकाराच्या जोरावर. मूकनायक १९२० मध्ये काढावा लागला तो त्यामुळेच, कारण दुसऱ्यांच्या पत्रांत आपले म्हणणे छापले जात नव्हते. म्हणून माझा आग्रह आहे की मूळ चित्रण अखंड ठेवा. त्यातून दहा मिनिटांचा माहितीपट करा, रील करा, काय वाटेल ते करा, पण ते सगळे नकलेवर. आज तुम्हाला निरुपयोगी वाटणारे दृश्य वीस वर्षांनी एखाद्या संशोधक मुलीला सगळ्यात मोलाचे वाटू शकते. तिचा निर्णय तुम्ही आज घेऊ नका.

एडिटिंग करणाऱ्या पोरांसाठी दोन गोष्टी. केडेनलाइव्ह, शॉटकट ही फुकटची साधने चांगली आहेत. जुने चित्रण बहुतेक वेळा ४:३ आकाराचे, ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ चौकटींचे असते. प्रोजेक्ट तसेच ठेवा. मोबाइलच्या पडद्याला भरावे म्हणून ओढून रुंद केले की आपली माणसे पसरट दिसतात, आणि उभे कापले की मोर्चाची रुंदीच निघून जाते. कडेला काळी पट्टी राहिली तर राहू द्या.

कायदा काय म्हणतो

ॲट्रॉसिटी कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५अ आले. त्याच्या १० व्या पोटकलमात या कायद्याखालील गुन्ह्यांच्या सर्व कार्यवाहीचे व्हिडिओ रेकॉर्डिंग करावे असे म्हटले आहे. ते होत नाही म्हणून आपण ओरडतो, आणि बरोबरच ओरडतो. पण शासनाकडे रेकॉर्डिंग मागणाऱ्या चळवळीने स्वतःचे रेकॉर्डिंग कसे ठेवले आहे, हा प्रश्न समोरचा वकील विचारणारच.

इथे जालन्याचे एक प्रकरण कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावे. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीत भरला की नाही, हा वाद होता आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातले व्हिडिओ चित्रण. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की इलेक्ट्रॉनिक नोंदीची नक्कल पुरावा म्हणून द्यायची तर पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चे प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मूळ उपकरणच न्यायालयात हजर करून त्याच्या मालकाने साक्ष दिली, तर प्रमाणपत्राची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यात हीच बाब कलम ६३ मध्ये आहे, आणि प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. फाइलमध्ये एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो.

यातून आपल्यासाठी तीन नियम निघतात. एक, संगणकावर उतरवले म्हणून मूळ कॅसेट कधीही फेकू नका. दोन, फाइल तयार झाली त्याच दिवशी तिचा हॅश काढून वहीत नोंदवा. तीन, कॅसेट कुणाची, कुणी उतरवली, कोणत्या तारखेला, कोणत्या कॅमेऱ्यावर, हे लिहून सही करा. एखादे चित्रण चालू खटल्याशी संबंधित असेल तर हात लावण्याआधी वकिलाला विचारा.

आणि एक जबाबदारी. अत्याचाराच्या घटनांनंतर आपल्या कार्यकर्त्यांनी पीडित कुटुंबांचे जबाब चित्रित केले आहेत. ते उतरवा, जपा, पण गर्दीत टाकू नका. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी ज्या माऊलीने विश्वासाने आपल्या कॅमेऱ्यासमोर दुःख सांगितले, तिला न विचारता ते लाइक मिळवण्यासाठी वापरणे बाबासाहेबांच्या अनुयायाला शोभत नाही.

"यूट्यूबवर टाकले आहे" हे उत्तर नाही

यूट्यूब ही परक्याची भिंत आहे. तिथे चिकटवलेले पोस्टर घरमालक कधीही काढू शकतो. गाण्याच्या हक्कावरून दावा येतो, तक्रारींचा मारा करून चॅनेल बंद पाडला जातो, पासवर्ड माहीत असलेला कार्यकर्ता गट सोडून जातो. शिवाय तिथे चढवलेले चित्रण दाबून लहान केलेले असते, मूळ दर्जाचे परत मिळत नाही. लोकांपर्यंत पोहोचायला यूट्यूब वापरा, साठवायला नको.

साठवणीचा साधा नियम असा: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावात. एक हार्डडिस्क विहारात, एक कार्यकर्त्याच्या घरी, एक प्रत दूरच्या शाखेकडे किंवा क्लाउडवर. वर्षातून एकदा, समजा दर १४ ऑक्टोबरला, प्रत्येक डिस्क जोडून फायली उघडतात का ते तपासा. पाच-सहा वर्षांनी डिस्क बदला.

पैसा कुठून आणायचा?

हा प्रश्न विचारणाऱ्या मंडळाने जयंतीच्या डीजेची पावती काढून टेबलावर ठेवावी. एका रात्रीच्या भिंती हादरवणाऱ्या आवाजाच्या खर्चात जुना कॅमेरा, फायरवायर कार्ड आणि दोन हार्डडिस्क येतात, वर चहापाण्याला पैसे उरतात. डीजे दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रकमध्ये बसून निघून जातो. हार्डडिस्कमध्ये तुमच्या आजोबांचे भाषण राहते. जयंती उत्साहात करू नका असे मी म्हणत नाही. यंदा जयंतीच्या रात्री चौकात पडदा लावा आणि १९९५ च्या जयंतीचे चित्रण दाखवा. म्हातारी माणसे पडद्याजवळ येऊन नावे सांगू लागतील. एक मुलगी वही घेऊन बसवा आणि ती नावे लिहून घ्या. इतिहास लेखनाची यापेक्षा चांगली कार्यशाळा मला माहीत नाही.

सुरुवात करायला मोठी संघटना लागत नाही. तालुक्यात चार पोरे-पोरी पुरतात. पहिल्या महिन्यात घरोघर जाऊन कॅसेटींची यादी करा: कुणाकडे, कोणत्या प्रकारची, वर काय लिहिले आहे. कॅसेट घेताना पावती द्या आणि परत करा, मालकी त्या कुटुंबाचीच राहील हे स्पष्ट सांगा. आपल्या लोकांची कागदपत्रे "संशोधनासाठी" नेऊन कधीच परत न करणारे भरपूर होऊन गेले, म्हणून लोक कचरतात. त्यांचा विश्वास कमवा. प्रत्येक फाइलला तारीख, गाव आणि कॅसेट क्रमांक असे नाव द्या. गटबाजी इथे आणू नका. कॅसेट कोणत्या गटाच्या सभेची आहे, नेता आज कोणत्या पक्षात आहे, यावरून उतरवायची की नाही हे ठरवाल तर तुम्हीही त्या दुकानदारासारखेच वागाल.

बाबासाहेब गेल्यानंतर त्यांचे अप्रकाशित लेखन कित्येक वर्षे पेट्यांमध्ये, कोर्टाच्या ताब्यात पडून होते. वसंत मून यांनी त्याचा पिच्छा पुरवला, पाने जुळवली आणि १९७९ पासून त्या लेखनाचे खंड आपल्या हाती येऊ लागले. कागदाने तेवढी वर्षे तग धरला. चुंबकीय फीत तेवढी थांबणार नाही. येत्या पावसाळ्याच्या आत आपल्या घरातले कपाट उघडा, आणि नंतर शेजाऱ्याचे उघडायला लावा.

जय भीम! नमो बुद्धाय!